तूप मागितलं, पेंढा आला

गेल्या हिवाळ्यात एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते. गावाकडच्या पावसापासून पोरांच्या नोकऱ्यांपर्यंत आमच्या भरपूर गप्पा झाल्या. मग त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. क्षणभर थांबून ते म्हणाले, "अरे वा! तुम्ही मराठी फारच छान बोलता हो."

हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कौतुकच असतं, त्यामुळे रागावताही येत नाही. गंमत अशी, की त्याच आठवड्यात जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर एका चाचांनी मला अडवलं होतं. "मराठी में कायकू लिखते रे? अपनी जबान तो उर्दू है ना?" त्यांचं हे वाक्य काही किताबी उर्दूत नव्हतं, अस्सल दखनीत होतं. पण ते राहू द्या.

गुरुजी आणि चाचा एकमेकांना ओळखत नाहीत. भेटले तर कदाचित कुठल्याच गोष्टीवर त्यांचं एकमत होणार नाही. तरी दोघांच्या बोलण्यामागे समजूत एकच आहे: भाषा धर्माबरोबर येते. मुसलमानाची भाषा एक, हिंदूची दुसरी. ही समजूत तपासायची असेल तर इतिहासात एक चांगला साक्षीदार आहे. त्यानं अर्धं जग पायाखाली घातलं, बहुतेक मुक्काम मुसलमानी राज्यांत केले, आणि तरीही एका गावात त्याच्या नोकराला साधं तूप विकत घेता आलं नाही. त्याचं नाव इब्न बतूता.

अरबी जाणणारा अडाणी

इब्न बतूता १३०४ साली मोरोक्कोतल्या टांजियर शहरात जन्मला. घराणं काझींचं. १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजला म्हणून एकटाच घराबाहेर पडला आणि चोवीस वर्षांनी परतला. मधल्या काळात इजिप्त, शाम, इराक, पूर्व आफ्रिकेचा किनारा, तुर्कस्तान, मध्य आशिया, हिंदुस्थान, मालदीव असा त्याचा प्रवास झाला. पुढे स्पेन आणि आफ्रिकेतलं माली राज्यही त्यानं पाहिलं. फेझच्या सुलतानाच्या सांगण्यावरून त्यानं या आठवणी इब्न जुझय्य नावाच्या लेखकाला सांगितल्या आणि १३५५ साली ग्रंथ पुरा झाला. आज तो 'रिहला' म्हणजे 'प्रवास' या नावानं ओळखला जातो.

या ग्रंथातल्या काही भागांबद्दल अभ्यासक शंका घेतात. चीनला तो खरंच किती आत गेला, याबद्दल वाद आहेत. मी इथे सांगणार आहे ते प्रसंग मात्र मुख्यतः तुर्कस्तानातले आहेत आणि त्यांत त्याची स्वतःची फजिती आहे. स्वतःची फजिती कोणी सहसा रचून सांगत नाही.

साधारण १३३१ च्या सुमारास तो शामच्या किनाऱ्यावरून जिनोव्हाच्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या जहाजात बसला आणि दक्षिण तुर्कस्तानातल्या अलान्याला उतरला. त्या लोकांनी त्याला मानानं वागवलं आणि भाडंही घेतलं नाही, हे त्यानं आवर्जून नोंदवलं आहे. तेव्हाचा तुर्कस्तान म्हणजे एकसंध देश नव्हता. सेल्जुकांची सत्ता मंगोलांच्या दडपणाखाली मोडली होती आणि जागोजागी छोटे अमीर राज्य करत होते. पुढे ज्यांचं साम्राज्य झालं ते उस्मानी त्यांपैकीच एक. त्यांचा ओरहान इब्न बतूताला भेटलाही.

राज्यकर्ते मुसलमान, मशिदी भरलेल्या, अजान अरबीत. टांजियरच्या काझीपुत्राला वाटलं असेल, की आता चिंता नाही. पण बाजारात लोक तुर्की बोलत. शिकलेल्यांचा ओढा फारशीकडे होता. अनेक गावांत ग्रीक बोलणारे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. अरबी होती ती नमाजात आणि किताबांत. आपल्या देशात विद्वान म्हणून वावरलेला हा माणूस इथल्या बाजारात एकदम अडाणी ठरला.

मोची आणि दोनशे कारागीर

अंतालिया शहरात तो एका शेखाकडे बसला असताना एक माणूस आला. अंगावर जुनेर, डोक्यावर नमद्याची टोपी. तो शेखाशी तुर्कीत काहीतरी बोलला. इब्न बतूताला अक्षर कळलं नाही. शेखानं सांगितलं, की हा तुम्हाला आणि तुमच्या सोबत्यांना जेवायला बोलावतो आहे. पाहुण्यानं हो म्हटलं, पण तो माणूस गेल्यावर शेखाला म्हणाला, की हा गरीब दिसतो, त्याला कशाला खर्चात पाडायचं? शेखाला हसू आलं. तो माणूस जोडे शिवणारा मोची होता हे खरं, पण शहरातल्या सुमारे दोनशे कारागिरांचा म्होरक्या होता. त्यांनी मिळून पाहुण्यांसाठी मठ बांधला होता. दिवसभर कमवायचं आणि संध्याकाळी ते म्होरक्याकडे आणून द्यायचं. त्यातून फळं, जेवण, दिव्यांचं तेल. गावात कोणी परका आला तर तो त्यांचा पाहुणा. कोणी नाही आलं तर सगळे मिळून जेवायचे, गायचे, नाचायचे आणि सकाळी पुन्हा आपापल्या कामाला. संध्याकाळी इब्न बतूता तिथे गेला तेव्हा उंची गालिचे आणि इराकी काचेचे दिवे पाहून चकित झाला.

या मंडळींना 'अखी' म्हणत. अरबी माणसाच्या कानाला हा शब्द 'माझा भाऊ' असा ऐकू येतो, आणि इब्न बतूतानं तसाच ऐकला. काही भाषातज्ज्ञ मात्र तो जुन्या तुर्कीतल्या 'अकी' म्हणजे 'उदार' या शब्दावरून आला असं मानतात. म्हणजे यजमान स्वतःला उदार म्हणवत असतील आणि पाहुणा भाऊ ऐकत असेल. ऐकण्यातली ही चूक असली तरी तिनं कोणाचं काही बिघडलं नाही.

सगळ्याच गैरसमजांत एवढा जीव शांत राहत नाही. देनिझली गावात हे लोक बाजारातून चालले होते. अचानक दुकानांतून काही माणसं उतरली आणि त्यांनी घोड्यांचे लगाम धरले. दुसरी टोळी धावत आली आणि पहिल्या टोळीशी हुज्जत घालू लागली. कोणी सुरे काढले. काय बोलतात ते कळेना. इब्न बतूताला वाटलं, हे वाटमारे, आता संपलंच. तेवढ्यात अरबी येणारा एक हाजी देवासारखा आला. त्यानं उलगडा केला, की हे दोन वेगवेगळ्या अखींचे लोक आहेत आणि पाहुणे आपल्याकडेच उतरले पाहिजेत म्हणून भांडताहेत! शेवटी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. ज्याचं नाव निघालं त्याच्याकडे आधी मुक्काम, मग दुसऱ्याकडे. पहिल्या यजमानानं तर पाहुण्याला हमामात नेऊन स्वतः त्याची सेवा केली.

जुनी अरबी, नवी अरबी

माझा सगळ्यात आवडता प्रसंग गेय्वे गावातला आहे. इथल्या अखीला अरबी येईना, पाहुण्याला तुर्की येईना. अखी म्हणाला, आपल्या फकीहला बोलवा, त्यांना अरबी येते. फकीह म्हणजे धर्मशास्त्र जाणणारा. हे महाशय आले. इब्न बतूता आणि त्याचे सोबती अरबीत बोलले. फकीहना काही समजलं नाही. पण गावासमोर कबूल कसं करायचं? गावात त्यांचा मान अरबीवरच तर उभा होता. ते अखीकडे वळून फारशीत म्हणाले, की ही मंडळी जुनी अरबी बोलतात, मला नवी अरबी येते.

अखीला ते पटलं. एवढंच नाही, जुनी अरबी म्हणजे पैगंबरांची आणि सहाबांची भाषा, ती बोलणारे पाहुणे आपल्या दारी आले, म्हणून त्यानं आणखी मान दिला. फकीहची अब्रू वाचली, पाहुण्यांची सरबराई वाढली.

यातला खरा आनंद पुढे आहे. इब्न बतूताला त्या वेळी फारशीही येत नव्हती. फकीह काय बोलले ते त्याला कळलं नाही, पण त्यानं ते शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवले. पुढे तो फारशी शिकला तेव्हा कधीतरी त्याला अर्थ लागला. गेय्वेतला विनोद त्याला कुठल्यातरी दूरच्या गावी कळला. परदेशात ऐकलेली वाक्यं अशीच असतात. कान आधी पोचतो, अर्थ मागाहून येतो.

हा फकीह आपल्यालाही अनोळखी नाही. संस्कृत न कळता संस्कृतचा मान मिरवणारे, उर्दूची चार पानं सलग न वाचता उर्दूचा अभिमान सांगणारे, इंग्रजीच्या धाकावर घर चालवणारे, सगळे त्याचेच भाऊबंद. भाषा कळण्यापेक्षा भाषेचा रुबाब लोकांना जास्त हवा असतो.

तूप आणि पेंढा

तिथून पुढे गोयनुक. गाव ग्रीक ख्रिस्त्यांचं, मुसलमान घर एकच, तेही कारभाऱ्यांचं. दिवस बर्फाचे आणि पावसाचे. या काफिल्यानं एका ख्रिस्ती म्हातारीच्या घरात रात्र काढली. त्या गावात झाडं नव्हती, पिकायचं ते केशर. म्हातारीनं भरपूर केशर आणून पुढ्यात ठेवलं. तिला वाटलं, एवढ्या लांबून आलेत म्हणजे व्यापारीच असणार. आपल्याकडे हजचा प्रवासी आला आहे हे तिला कोण सांगणार?

मग बर्फातून वाट काढत मुदुर्नू. मठात पाहुण्यांची गर्दी, जनावरं बांधायला जागा नाही. इथेही अरबी येणारा एक हाजी भेटला आणि त्यानं बाजारातली एक आडोशाची जागा दाखवली. जनावरांची सोय झाल्यावर इब्न बतूतानं एका नोकराला वैरण आणायला पाठवलं आणि दुसऱ्याला तूप. पहिला पेंढा घेऊन आला. दुसरा रिकाम्या हातानं, हसत हसत आला. त्यानं दुकानात जाऊन 'सम्न' मागितलं होतं. अरबीत सम्न म्हणजे तूप. दुकानदारानं थांबायची खूण केली, पैसे घेतले, मुलाला पिटाळलं, आणि थोड्या वेळानं मुलगा पेंढा घेऊन हजर! हे नको, सम्न हवंय, असं म्हटल्यावर दुकानदार पेंढ्याकडे बोट दाखवून सांगू लागला, की हेच ते. तुर्कीत पेंढ्याला 'समान' म्हणतात. आजही म्हणतात.

आणि तुपाला? तिथले लोक 'रूगन' म्हणत, असं इब्न बतूतानं लिहून ठेवलं आहे. हा शब्द फारशी, अर्थ तेल किंवा तूप. वाचताना मी इथे अडखळलो, कारण हा शब्द माझ्या ओळखीचा निघाला. आपल्याकडे सुतार लाकडाला लावतो ते रोगण हेच. जो शब्द मुदुर्नूच्या स्वयंपाकघरात होता, तो महाराष्ट्रात येऊन दाराला आणि खाटेला लागला. टांजियरच्या आलिमाला जो शब्द परका होता तो आमच्या गावच्या सुताराला ठाऊक असतो. त्यासाठी त्याला ना मुसलमान व्हावं लागलं, ना तुर्क.

मुदुर्नूच्या त्या हाजीला इब्न बतूतानं दुभाषी म्हणून पुढे कास्तामोनूपर्यंत सोबत घेतलं. हाजी पैसेवाला होता, पण हात लांब. बाजारखर्चातले पैसे खायचा. पण करणार काय, तुर्की कोणालाच येईना! रात्री सगळे मिळून त्यालाच विचारायचे की आज किती मारले, तो बिनदिक्कत आकडा सांगायचा आणि सगळे हसायचे. ज्याला भाषा येत नाही त्याला दुभाष्याची चोरीही हसून सोसावी लागते.

राजवाड्यातला आपला माणूस

पुढे क्रिमिया आणि व्होल्गाचा मुलूख ओलांडून, उझबेक खानाच्या एका बेगमेबरोबर, इब्न बतूता कॉन्स्टँटिनोपलला गेला. बेगम मूळची तिथलीच, तिथल्या बादशहाची लेक. म्हणजे ही ख्रिस्ती जगाची मोठी राजधानी. दरवाज्यावरचे पहारेकरी त्याला पाहून 'सराकिनू, सराकिनू' असं ओरडले, म्हणजे मुसलमान आले. राजवाड्यात अंगझडती झाली. चारी बाजूंना परके चेहरे, परकी भाषा.

तेवढ्यात एक माणूस त्याच्याशी अरबीत बोलू लागला. घाबरू नका, इथला रिवाजच असा आहे, मी मूळचा शामचा, इथे दुभाष्याचं काम करतो. हा माणूस यहुदी होता. बादशहाला सलाम कसा करायचा असं विचारल्यावर त्यानंच सांगितलं, की 'अस्सलामु अलैकुम' म्हणा. बादशहानं जेरुसलेम, बेथलेहेम, दमास्कस, कैरोबद्दल विचारलं, यहुद्यानं दोन्हीकडचं बोलणं पोचवलं. खूश होऊन बादशहानं घोडा आणि मानाचा पोशाख दिला, शहर दाखवायला माणूस दिला.

आता गुरुजींची आणि चाचांची समजूत या प्रसंगाशेजारी ठेवून बघा. गेय्वेच्या मुसलमान फकीहशी इब्न बतूताला एक वाक्य बोलता आलं नाही. कॉन्स्टँटिनोपलच्या यहुद्याशी तो थेट आपल्या भाषेत बोलला. पुढे श्रीलंकेत त्याला एक बिगरमुसलमान राजा भेटला, त्यालाही फारशी समजत होती. दिल्लीत मुहम्मद तुघलकानं त्याला काझी नेमलं, तेव्हा त्यानं दोन अडचणी सांगितल्या: मी मालिकी पंथाचा, इथले लोक हनफी, आणि मला इथली भाषा येत नाही. सुलतानानं हाताखाली दोन मदतनीस दिले. धर्म एक असूनही निवाडा करायला दुसऱ्याचे कान आणि जीभ लागली.

१३४२ मध्ये दिल्ली सोडून चीनकडे निघाल्यावर तो आपल्या मुलखातूनही गेला. दौलताबादचा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा बाजार त्यानं वर्णन केला आहे. नंदुरबारच्या मऱ्हाट्यांबद्दल तो लिहितो, की हे कसबी कारागीर, वैद्य, ज्योतिषी. भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, दारू पीत नाहीत. जेवणाआधीच्या त्यांच्या अंघोळीची तुलना त्यानं गुसलशी केली आहे. 'ज्ञानेश्वरी' लिहून तेव्हा जेमतेम अर्धशतक झालं होतं. त्या बाजारात त्याच्या कानावर मराठी पडली असणारच.

त्याचा हा डोळा नेहमीच एवढा उदार नव्हता. मालीत राजाकडून 'दियाफत' म्हणजे पाहुणचाराची भेट आली, तेव्हा त्याला भारी पोशाख आणि पैसे अपेक्षित होते. आल्या तीन भाकऱ्या, गोमांसाचा तळलेला तुकडा आणि भोपळ्याच्या तुंब्यात दही. तो हसला, आणि नंतर तक्रारही केली. हाच दियाफत शब्द जुन्या मराठीत 'ज्याफत' होऊन मेजवानीच्या अर्थानं आला. शब्द एकच, पण कुठे मोची आपली दिवसाची कमाई त्यात घालतो आणि कुठे पाहुणा त्याचा हिशोब करत बसतो.

भाषा मातीची

मला या प्रवासातून एवढंच कळतं. धर्म माणसाला सलाम करायला शिकवतो, दार उघडायला शिकवतो. पण दार उघडल्यावर तूप कशाला म्हणायचं ते ती माती ठरवते. म्हणून मुदुर्नूचा मुसलमान तुर्की बोलला, शामचा यहुदी अरबी बोलला, मलबारचा मापिळा मल्याळम बोलतो, आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. शाहीर अमर शेखांची डफावरची थाप आणि आवाज ऐकून संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटल्या, त्या मराठीत. त्यांना कोणी 'मराठी छान बोलता' असं म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

चाचांना मी काही उत्तर दिलं नाही. ते वडीलधारे आहेत, आणि त्यांची दखनी ऐकायला मला आवडते. उर्दूशी माझं भांडण नाहीच. ती शिकलो म्हणूनच रोगण आणि ज्याफत ओळखता आले.

पंगतीतल्या गुरुजींना मात्र मी म्हणालो, "गुरुजी, तुम्हीही छान बोलता." ते आधी गोंधळले. मग त्यांना कळलं आणि मोठ्यानं हसले. जरा ओशाळलेही असतील. तेवढ्यात वाढपी पुढे निघून चालला होता. गुरुजींनी त्याला हाक मारली आणि माझ्या पानाकडे बोट दाखवून म्हणाले, "अहो, इकडे तूप वाढा की."

तूपच आलं.